अंटार्क्टिकावरील पर्वताच्या नावाचा माग कसा काढावा

साताऱ्याचा किल्ला १७०० साली औरंगजेबाच्या हाती गेल्यावर आझमतारा झाला आणि मराठ्यांनी तो परत घेतल्यावर अजिंक्यतारा, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु जिथे पिढ्यान्‌पिढ्यांची वस्तीच नव्हती, तिथल्या बर्फाच्छादित डोंगराच्या नावाचा शोध लोकस्मृतीत नव्हे, तर नोंदींत घ्यावा लागतो. आपल्या शाळांच्या भूगोल प्रकल्पांसाठी मी माउंट सिन्हा हा पर्वत आवर्जून सुचवेन, कारण त्याला बिहारमध्ये जन्मलेले प्राणिशास्त्रज्ञ अखौरी सिन्हा यांचे नाव आहे.

आधी स्थान निश्चित करावे. हा ९९० मीटर उंचीचा पर्वत पश्चिम अंटार्क्टिकातील मेरी बर्ड लँडमध्ये, सुमारे ७५ अंश दक्षिण अक्षांश आणि १३६ अंश पश्चिम रेखांशावर आहे. वर्गातल्या भिंतीवरील जगाच्या नकाशात हा खंड तळाशी ताणलेल्या पट्ट्यासारखा दिसतो, म्हणून दक्षिण ध्रुव मध्यभागी असलेलाच नकाशा घ्यावा.

त्यानंतर अंटार्क्टिक संशोधनाच्या ‘स्कार’ या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समितीची नामसूची इंटरनेटवर उघडावी. नावे देण्याचे काम प्रत्येक देशाची समिती आपापल्या परीने करते, त्यामुळे एकाच जागेची दोन-तीन नावे तिथे सापडू शकतात. ती सगळी उतरवून घ्यावीत.

खरे कसब नोंद वाचण्यात आहे. नकाशा कोणी केला, नाव कोणी दिले आणि ते कोणाच्या सन्मानार्थ दिले, ही तीन उत्तरे वेगवेगळी लिहावीत. माउंट सिन्हाचा नकाशा अमेरिकी सर्वेक्षणावरून आणि नौदलाने १९५९ ते १९६५ या काळात घेतलेल्या हवाई छायाचित्रांवरून तयार झाला. नाव अमेरिकेच्या नामकरण समितीने दिले, आणि ते दिले १९७१-७२ मध्ये ‘साउथविंड’ या तटरक्षक जहाजावरून बेलिंग्सहाउसेन व अमुंडसेन समुद्रांतील सील, देवमासे आणि पक्षी यांच्या संख्येचा अभ्यास करणाऱ्या तुकडीतील सिन्हा यांच्या सन्मानार्थ. म्हणून ‘सिन्हा यांनी हा पर्वत शोधला’ असे लिहिणे सर्वस्वी चूक ठरते, आणि समुद्रातल्या त्यांच्या कष्टाच्या कामावर त्याने अन्यायही होतो.

सगळीच नावे शास्त्रज्ञांची नसतात. माउंट एरेबसला जेम्स क्लार्क रॉस यांनी १८४१ मध्ये आपल्या जहाजाचे नाव दिले, तर या खंडावरील सर्वोच्च शिखर माउंट विन्सन हे कार्ल विन्सन या अमेरिकी लोकप्रतिनिधीच्या नावाने ओळखले जाते. विन्सनची उंची जुन्या पुस्तकांत ५१४० मीटर, तर आता ४८९२ मीटर दिलेली आढळते. तेव्हा उंचीपुढे ती ज्या नकाशातून किंवा पुस्तकातून घेतली, त्याचे सालही लिहावे.