कोरियाचा जुना विचार वाचाचा तर वहीत दोन तारखा लिहा

कोरियन सिरियल पाहू पाहू गावातले पोट्टे आता विचारतात, भाऊ त्या जोसोन राजवटीत (१३९२ ते १९१०) लोकं विचार काय करत होते, वाचाले सुरुवात कुठून कराची? तर माही पद्धत सांगतो.

पानाच्या मधात उभी रेघ मारा. डावीकडे माणूस कधी जगला न काय लिहिलं ते, उजवीकडे त्याले आजचं लेबल कोणं लावलं न कधी. रिद्धपूरच्या लीळाचरित्राचं नाई का तसंच, चक्रधर स्वामी बोलले कधी न म्हाइंभटानं जमवलं कधी, दोन्ही पाहा लागते.

आता 'सिल्हाक' घ्या, म्हणजे कामाचं, खरं ज्ञान. यू ह्योंगवॉन (१६२२-१६७३), चोंग याग्योंग (१७६२-१८३६) हे सिल्हाक चळवळीचे, असं सगळीकडे सापडते. पण बाप्पा, त्याइनं अशी कोणती चळवळ काढलीच नव्हती! शब्द जुना, मोट बांधली १९३० च्या दशकात. तवा कोरियावर जपानचं राज्य होतं न जपानी अभ्यासक म्हणत का जोसोन म्हणजे साचलेलं पाणी, नुसती गटबाजी, मंग आन जेहोंग, चोंग इनबो यांच्यासारख्या कोरियन विद्वानाइनं दाखवलं का आमच्यातही जमिनीचा, शेतकऱ्याचा विचार करणारे होते. मले हे लय महत्त्वाचं वाटते, कारण गुलामीत असलेला माणूस आपला इतिहास कायले शोधते ते इथं दिसते. पण पुढच्या इतिहासकाराइनं हेही दाखवलं का यू आधुनिक नव्हता, जमिनीची वाटणी तो चीनच्या जुन्या ग्रंथांतूनच काढत होता.

मूळ वाचाचं तर चोंगचं 'मोंगमिन सिमसो' घ्या, इंग्रजीत आहे. १८०१ पासून १८ वर्षं हद्दपारीत काढली त्यानं, न हे पुस्तक जिल्ह्याच्या अधिकाऱ्यासाठी लिहिलं. सरकारी धान्य वसंतात उधार द्याचं न पीक आल्यावर वसूल कराचं, आपल्या खावटीवानी, त्यात कारकून कसे खातात ते वाचताना तहसीलच डोळ्यापुढं येते.

थ्वेग्ये न की देसंग या जोसोनच्या दोन विचारवंताइची १५५९ पासूनची एकमेकाले लिहिलेली पत्रं जड आहेत, दया मनातल्या तत्त्वातून उठते का ऊर्जेतून असा वाद आहे. पण की देसंग २६ वर्षांनी लहान, तरी त्याच्या आक्षेपावर थ्वेग्येनं आपली मांडणी बदलली! तत्त्ववाले न ऊर्जावाले अशी अख्ख्या इतिहासाची वाटणी मात्र जपानी अभ्यासक ताकाहाशी तोरूनं १९२९ मध्ये केली, ती उजव्या बाजूले लिहा न पत्रं वाचून झाल्यावरच पाहा.