टार्गेट काढूनही मोजा

आमच्या ग्रुपमधली एक मुलगी पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच बीमटाइमला, म्हणजे प्रयोगशाळेने कणांचा बीम वापरायला दिलेल्या दिवसांसाठी, जातेय. काम नेहमीचंच: प्रोटॉनचा बीम कार्बनच्या तुकड्यावर सोडायचा आणि टकरीतून किती पायॉन, किती केऑन (दोन्ही अल्पायुषी कण), किती संवेगाने आणि कुठल्या कोनात बाहेर पडतात ते मोजायचं. तिचा मेसेज आला, "दादा, तयारी काय काय करू?" तिला उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून इथे टाकतोय. स्वेटर, चार्जर, मेतकूट यावर मी बोलणार नाही. डोसीमीटर (किरणोत्सर्गाचा डोस मोजणारा बिल्ला) नसेल तर दारातूनच परत पाठवतात, त्यामुळे तो कुणी विसरत नाही.

विसरतात ते टार्गेट, म्हणजे तो कार्बनचा तुकडा, काढून घ्यायचे रन (मोजणीच्या फेऱ्या). कागदावर पहिली ओळ हीच लिही.

मी विसरलो नव्हतो, त्याहून वाईट केलं होतं: ते शेवटी ठेवले होते. कुठल्या प्रयोगशाळेत ते सोड. आठ दिवस बीम होता. टार्गेट लावून घेतलेला तोच खरा डेटा, रिकामा म्हणजे नंतरची झाडलोट, अशा समजुतीने मीच वेळापत्रकात टार्गेट-आउट, म्हणजे हेच रिकामे रन, शेवटच्या शिफ्टला टाकलं. त्या संध्याकाळी मशीनचं कूलिंगचं पाणी बंद पडलं. बीम परत आला तेव्हा आमच्या हातात पस्तीस मिनिटं होती. पुढचं दीड वर्ष त्या पस्तीस मिनिटांचं व्याज भरण्यात गेलं.

कारण टार्गेट पातळ असतं. सर्नमधल्या एनए61/शाइन या प्रयोगाने जपानच्या टी2के या न्यूट्रिनो-प्रयोगासाठी 31 जीईव्ही/सी संवेगाच्या प्रोटॉनवर जी मोजणी केली, तिच्यातला ग्रॅफाइटचा तुकडा 2 सेंटिमीटर जाडीचा होता. अन्योन्यक्रियेच्या लांबीच्या, म्हणजे प्रोटॉन सरासरी जेवढं अंतर गेल्यावर आदळतो त्याच्या, जेमतेम 4 टक्के. शंभरातले पंच्याण्णवहून जास्त प्रोटॉन त्यातून काहीच न घडता पार होतात. पातळ मुद्दाम ठेवायचं, नाहीतर निघालेला पायॉन आतच दुसऱ्या केंद्रकावर आदळतो आणि पहिल्या टकरीचा हिशेब हाती लागत नाही. पण मग वाटेतलं बाकीचं सामान, म्हणजे बीम काउंटरचं (येणारे प्रोटॉन मोजणाऱ्या यंत्राचं) प्लास्टिक, त्यावर गुंडाळलेली काळी टेप, मायलारची खिडकी, टार्गेटचा होल्डर, नुसती हवा, हे सगळंही आपापले पायॉन काढत बसलेलं असतं. आमच्या व्हर्टेक्सच्या, म्हणजे टक्कर झाली त्या जागेच्या, आलेखात टार्गेटच्या जागी डोंगर होता आणि त्याच्या मागे काउंटरच्या जागी चांगली ठसठशीत टेकडी. "मग व्हर्टेक्सवर कट लाव ना, टार्गेटबाहेरच्या टकरी गाळून टाक," असं तू म्हणशील. मीही म्हणालो होतो. लहान कोनात पुढे जाणारे ट्रॅक बीमला जवळजवळ समांतर असतात. ते नेमके कुठून निघाले हे काही सेंटिमीटर इकडेतिकडे होतं. टेकडीची माती डोंगरात मिसळते ती तिथेच. ती वेगळी काढायचा एकच सरळ मार्ग: टार्गेट बाहेर काढ, बाकी कशालाही हात लावू नकोस, मोज, वजा कर.

"बाकी कशालाही हात लावू नकोस" हे पुन्हा वाच. होल्डर तिथेच राहू दे. थ्रेशोल्ड (किती मोठा सिग्नल मोजायचा ती मर्यादा), व्होल्टेज, ट्रिगर (कुठली घटना नोंदवायची ती अट) तेच. आमच्या पस्तीस मिनिटांत कुणीतरी भल्या हेतूने एका काउंटरचा थ्रेशोल्ड सुधारला होता. सुधारलाच.

आणि रोज घे. बीमचा ठिपका रात्रीतून सरकतो, हॉलचं तापमान बदललं की ट्रॅक टिपणाऱ्या चेंबरमधल्या वायूची घनता बदलते. सोमवारच्या भरल्यातून पुढच्या सोमवारचं रिकामं वजा करून काय मिळणार? किती वेळ द्यायचा याचंही साधं गणित आहे: बीमचा प्रवाह सारखा असेल तर वेळ ट्रिगर दरांच्या वर्गमुळांच्या प्रमाणात वाटायचा. समजा टार्गेट लावून 9 ट्रिगर पडतात आणि काढून 1, तर वेळ 3 ला 1. हो, पाव बीमटाइम रिकाम्यावर. मीटिंगमध्ये कुरकुर होईल. होऊ दे. पाव नाही मिळाला तर दहावा हिस्सा तरी माग, पण रोजचा.

आता बाकीचं. टार्गेटचं वजन कर, व्हर्नियरने जाडी तीन-चार ठिकाणी मोज. ग्रॅफाइटची घनता पुस्तकातून उचलू नकोस, स्फटिकाची 2.26 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या आसपास दिलेली असते, आपला तुकडा सच्छिद्र, 1.8 च्या आसपास भरतो. हा फरक सरळ क्रॉस सेक्शनमध्ये (टक्कर होण्याच्या शक्यतेच्या मापात) जाऊन बसतो. बीम दुय्यम (आधीच्या एका टार्गेटमधून निघालेला) असेल तर त्यात प्रोटॉनबरोबर पायॉन आणि केऑनही येतात, तेव्हा बीममधले कण ओळखणाऱ्या चेरेंकोव्ह काउंटरचा वायूच्या दाबाचा स्कॅन पहिल्याच दिवशी करून घे आणि तापमानही लिहून ठेव. नुसत्या बीमचा ट्रिगरही ठरावीक प्रमाणात चालू ठेव; टक्कर झालेल्याच घटना साठवल्या तर एकूण किती प्रोटॉन आले तेच कळणार नाही, मग भागाकार कशाने करायचा? आणि तो टार्गेट-आउटमध्येही चालू हवा. टार्गेट-आउटमध्येही.

कण ओळखायला वायूतला ऊर्जाऱ्हास एकटा पुरत नाही. 1 ते 3 जीईव्ही/सीच्या पट्ट्यात पायॉन, केऑन, प्रोटॉन यांच्या रेषा एकमेकींना छेदतात, तिथे उड्डाणकाळ (ठरावीक अंतर कापायला कणाला लागलेला वेळ) लागतो. 10 मीटर अंतरावर 1 जीईव्ही/सीला पायॉन आणि केऑनमध्ये साडेतीन नॅनोसेकंदांचा फरक असतो, आरामात दिसतो. 3 जीईव्ही/सीला तोच 0.4 वर येतो. त्यामुळे काउंटरचं टायमिंग कॅलिब्रेशन उद्यावर टाकू नकोस. तेवढ्याच 10 मीटरमध्ये 1 जीईव्ही/सीच्या चार केऑनपैकी सुमारे तीन वाटेतच मोडतात, ती दुरुस्तीही करायची असते. पण ती घरी बसून करता येते. रिकामं टार्गेट घरी बसून घेता येत नाही.

चुंबक बंद ठेवून एक रन घे, अलाइनमेंटसाठी, म्हणजे सरळ ट्रॅकवरून डिटेक्टरांच्या जागा जुळवायला. लॉगबुकमध्ये "रन ठीक" लिहू नकोस, टार्गेट आत की बाहेर ते लिही. डिस्क भरत आली की बघ. रात्रीच्या शिफ्टला दोघं हवीत.

लॅम्डा आणि के-शॉर्ट हे कण मोडून येणारे पायॉन, ट्रिगरमधून निसटलेल्या घटना, मॉडेलशी तुलना, हे परत आलीस की बोलू. वेळापत्रकाचा मसुदा झाला असेल तर पाठव, त्यात टार्गेट-आउट कुठल्या कुठल्या शिफ्टला आहे तेवढंच मी बघणार आहे.