घर विकायचंय? किंमत ठरवताना या चुका टाळा

आमचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा मी वहीत हिशोब मांडला होता. घेतला तेव्हाची किंमत, वर मॉड्युलर किचन, बाथरूमच्या टाइल्स, नवीन खिडक्या, थोडं व्याज, आणि खाली जी बेरीज आली तीच आपली किंमत. पहिलं जोडपं बघायला आलं, बाईंनी किचनकडे एक नजर टाकली आणि नवऱ्याला हळूच विचारलं, "हे सगळं काढून टाकायला किती लागतील रे?" माझ्या बेरजेतला सगळ्यात मोठा आकडा त्यांच्याकडे थेट वजाबाकीत गेला होता.

तर पहिली चूक हीच, आपला खर्च म्हणजे किंमत समजणं. समोरच्याला आपण काय घातलंय याच्याशी घेणंदेणं नसतं, तेवढ्याच पैशात त्याला दुसरीकडे काय मिळतंय एवढंच तो बघतो. गळती थांबवली, वायरिंग बदललं, हे तो धरूनच चालतो, त्याचे वेगळे पैसे देत नाही, पण केलं नसेल तर बरोबर कापतो. 'कर्ज फिटून पुढच्या घराला एवढे उरायलाच हवेत' हा हिशोबही त्याच जातीचा. गरज तुमची आहे, घराची नाही.

यात तुम्ही एकटे नाही म्हणा. मानसशास्त्रज्ञ कानेमान, अर्थतज्ज्ञ थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९० सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे, अर्ध्या लोकांना कॉफीचे साधे मग फुकट दिले आणि मग खरेदी-विक्री करायला सांगितली, तर ज्यांच्या हातात मग होता ते लोक घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत मागत होते. काही मिनिटांपूर्वी मिळालेल्या मगाची ही तऱ्हा, तर मग पोरं जिथं वाढली त्या घराचं काय होणार.

दुसरी चूक म्हणजे जाहिराती बघून भाव काढणं. अहो, जी जाहिरात चार महिने तशीच दिसतेय ती त्या भावाला घर गेलं नाही म्हणूनच दिसतेय ना! बघायचे ते झालेले व्यवहार. नोंदणीचे आकडे बघता येत असतील तर तिथून घ्या, नाहीतर नुकतंच घर विकलेल्या शेजाऱ्यांना विचारा. निदान ३ व्यवहार हवेत, शक्यतो गेल्या ६ महिन्यांतले, त्याच बिल्डिंगमधले किंवा अगदी जवळचे. नात्यात झालेला किंवा कोणी घाईघाईत उरकलेला व्यवहार त्यात धरू नका.

आता खरा घोळ इथे होतो. व्यवहार मिळाले की लोक सरळ 'चौरस फुटाचा भाव गुणिले आपलं क्षेत्रफळ' करून मोकळे होतात, पण तो भाव कुठल्या क्षेत्रफळावर काढलाय हे कोणी बघत नाही. शेजाऱ्याचा भाव कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर काढलेला, तुम्ही गुणलंत बिल्ट-अपने, म्हणजे भिंती वगैरे धरून येणाऱ्या मोठ्या क्षेत्रफळाने. तुमचं कार्पेट ७५० आणि बिल्ट-अप १००० असेल तर किंमत ३३ टक्के फुगली, आणि तुम्ही मात्र महिनाभर 'लोक फार पाडून मागतात' म्हणत बसता. तसंच कमी-जास्त करतानाची दिशा. विकलेल्या घराला पार्किंग होतं आणि तुमच्याला नाही, तर पार्किंगची किंमत त्याच्या विक्रीतून वजा करायची. तुमच्याला बाल्कनी आहे, त्याला नव्हती, तर मिळवायची. म्हणजे नेहमी त्याचं घर आपल्यासारखं करत आणायचं. तिन्ही घरांचं असं केलं की आकडे जवळजवळ यायला लागतात, आणि एखादा फारच लांब राहिला तर त्या व्यवहारात काहीतरी वेगळं होतं असं समजा. किंमत म्हणून एकच आकडा धरू नका, कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पट्टा धरा.

वेबसाइटवरच्या आपोआप निघणाऱ्या अंदाजावर सगळं सोडू नका. अमेरिकेत झिलो ही बडी कंपनी असेच अंदाज काढते, ती स्वतः घरं विकत घेऊन पुन्हा विकायला लागली होती, पण किमतींचा अंदाज भरवशाचा येईना म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये तो धंदा बंद करत असल्याचं तिनं जाहीर केलं. तुमच्या भिंतीची ओल कॉम्प्युटरला दिसत नाही. एजंटचं म्हणाल तर तिघांना बोलवा, आणि जो सगळ्यात मोठा आकडा सांगेल त्याला विचारा की हा कुठल्या व्यवहारावरून काढला. उत्तर गोलगोल आलं तर त्याला तुमचं घर विकून द्यायचं काम हवंय, बाकी काही नाही.

'जास्तच लावू, मग कमी करता येतो' हा सल्ला तर घरोघरी मिळतो. पण लोक वेबसाइटवर बजेटचा फिल्टर लावून शोधतात, तुम्ही त्यांच्या वरच्या मर्यादेच्या जरा जरी वर गेलात तरी ज्यांना परवडलं असतं त्यांना तुमचं घर दिसतच नाही, आणि ज्यांना दिसतं ते त्या पैशात याहून बरं घर बघतायत. नवीन जाहिरातीकडे लक्ष जातं ते पहिल्या काही आठवड्यांत. नंतर भाव उतरवला की पहिला प्रश्न येतो, "घरात काही प्रॉब्लेम आहे का?"

किंमत लावून झाली आणि तरी गाडी अडली, तर कुठे अडली ते बघा. फोनच येत नाहीत तर किंमत किंवा फोटो. फोन येतात, लोक बघून जातात, पण ऑफर नाही, तर जाहिरातीतलं घर आणि खरं घर यांचा मेळ नाही, दुरुस्ती करा नाहीतर तेवढं कमी करा. पहिल्याच दिवशी चार जण पूर्ण किंमत द्यायला तयार, तर बहुतेक कमी लावलीत, लगेच हो म्हणू नका, सगळ्यांना दोन दिवस द्या.

आणि एकमेकांना न ओळखणारे तीन जण साधारण तोच कमी आकडा सांगत असतील तर वही मिटा. आमच्याकडे तसंच झालं, तिसऱ्याचा आकडा ऐकून मी चिडलो, बायको म्हणाली, "पहिल्या दोघांनी पण हेच सांगितलं होतं की." त्या तिसऱ्यालाच विकला.