वीस नको, एकच फोटो पाठवा

रविवारी शनिवारवाड्यावर फिरून आलं की घरच्या ग्रुपवर पंचवीस फोटो एकदम ओतायचा मोह होतो. तो आवरा. एक निवडा आणि सोबत नेमका प्रश्न विचारा: "दरवाजा काळा का आला?" "कसा वाटला?" विचारलंत तर अंगठा मिळेल, बाकी काही नाही.

समोरच्यानेही आधी जमलेली गोष्ट सांगावी आणि मग एकच सुधारणा. आपल्याकडे उलटं चालतं. पहिलं वाक्यच "तिरका आलाय" असतं आणि नवशिक्या पुढच्या रविवारी मोबाइल खिशातच ठेवतो.

वरच्या प्रश्नाचं उत्तर असं देता येईल: वाड्याचा मुख्य दरवाजा, म्हणजे दिल्ली दरवाजा, उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला, म्हणजे वाड्याच्या मागे. म्हणून आकाश पांढरं फटक आणि दरवाजा काळवंडलेला. स्क्रीनवर दरवाजावरच बोट टेकवा, तो उजळेल; आकाश जाईल, जाऊ दे. किंवा मे-जूनमध्ये सकाळी लवकर जा. तेव्हा सूर्य ईशान्येला उगवतो आणि तिरपं ऊन थेट दरवाज्यावर येतं. (पार्किंगही तेव्हाच मिळतं.)

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो, दरवाज्यावरच्या खिळ्यांचे बारकावे पुसट होतात. बारकावे दाखवायचे असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मात्र त्यासोबत फोटोत नोंदलेलं ठिकाणही जाऊ शकतं, तेव्हा घरी काढलेले फोटो अनोळखी ग्रुपवर असे टाकू नका.