पाण्याकाठची सायकल सहल: गाड्यांपासून दूर, अनेक दिवसांचा प्रवास कसा आखावा

कालव्याकाठच्या माझ्या पहिल्या लांब सहलीत मला सगळ्यात जास्त त्रास दिला तो सपाटीने. ना घाट, ना ट्रक, ना हॉर्न, आणि तरी तिसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसवेना. डोंगराळ रस्त्यावर चढाला आपण पेडलवर उभे राहतो, उताराला पाय थांबवून नुसते बसतो, त्यामुळे शरीराला आपोआप विसावा मिळत जातो. कालव्यावर तो उतार येतच नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीच बैठक आणि तेच फिरणारे पाय. सपाट म्हणजे सोपं असं धरून मी रोजचे किलोमीटर ठरवले होते, आणि चूक तिथेच झाली. त्यामुळे आधी पाणी समजून घ्या, अंतर नंतर ठरवा.

कालवा की नदी?

दोन्हींकडे पाणी असलं तरी सहली अगदी वेगळ्या होतात.

कालवा म्हणजे एकामागोमाग मांडलेले पाण्याचे सपाट तुकडे. जमिनीची उंची बदलते तिथे लॉक बांधतात. दोन्ही टोकांना दारं असलेल्या हौदासारख्या जागेत बोट घ्यायची आणि पाणी भरून किंवा सोडून ती वर चढवायची किंवा खाली उतरवायची, एवढंच त्याचं काम. वाटेवरचा चढ सहसा या लॉकपाशीच येतो आणि बघता बघता संपतो. त्यामुळे नकाशा वाचायची एक सोपी युक्ती हाताशी येते: लॉक विरळ असतील तिथे सपाटी, दाटीने असतील तिथे चढ. इंग्लंडमधल्या केनेट अँड एव्हन कालव्यावर केन हिल इथे तीनेक किलोमीटरांत २९ लॉक आहेत आणि ते बोटीला सुमारे ७२ मीटर वर नेतात. तिथे सायकललाही तेवढंच चढावं लागतं.

काठची वाट मुळात सायकलसाठी नव्हतीच. इंजिनं येण्याआधी घोडे आणि खेचरं दोराने बोट ओढत त्यावरून चालायची. म्हणून ती पाण्याला चिकटून जाते, बऱ्याच ठिकाणी अरुंद असते आणि जुन्या कमानी पुलांखाली फारच ठेंगणी होते. उंच माणसाने तिथे डोकं सांभाळावं.

नदी असं काही पाळत नाही. पूर येणारं पात्र, कडे, दलदल, शेतं टाळण्यासाठी वाट काठापासून दूर जाते, या काठावरून त्या काठावर जाते. डॅन्यूबवर जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंतचा तीनशेहून जास्त किलोमीटरांचा टप्पा बहु-दिवसांच्या सहलींसाठी फार लोकप्रिय आहे. बराचसा रस्ता दोन्ही काठांवर आहे, पण श्लोगनच्या वळणावर उत्तरेकडची वाट कड्यापाशी तुटते आणि सायकलसकट नावेत बसावं लागतं. अशा नावा हंगामातच चालतात आणि संध्याकाळी बंद होतात. नदीची सहल आखताना पुलांइतकंच नावांचं वेळापत्रकही बघा.

पहिल्यांदा जात असाल तर माझं मत कालव्याच्या बाजूने. वाट चुकणं जवळजवळ अशक्य.

'वाहनविरहित' हा शब्द तपासून घ्या

प्रसिद्ध मार्गांच्या माहितीपत्रकात हा शब्द सढळ हाताने वापरलेला असतो. फ्रान्समधला लोआरकाठचा मार्ग सुमारे ९०० किलोमीटरांचा आहे, पण त्यात स्वतंत्र सायकल वाटांबरोबर कमी रहदारीचे गावरस्तेही येतात. त्यात वावगं काही नाही, पण लहान मुलं बरोबर असतील तर हा फरक मोठा. नकाशात स्वतंत्र वाट कोणत्या रेषेने दाखवली आहे आणि सामायिक रस्ता कोणत्या, हे आधी सूचीत पाहा.

त्याहून महत्त्वाचा असतो पृष्ठभाग. दक्षिण फ्रान्समधला कनाल द्यु मिदी १६८१ साली पूर्ण झाला, लांबी सुमारे २४० किलोमीटर. तुलूझपासून पहिले साधारण ५० किलोमीटर गुळगुळीत डांबरी वाट आहे. त्यापुढे मात्र काही भागांत कच्ची माती आणि काठच्या झाडांची वर आलेली मुळं लागतात. तुलूझहून उलट, पश्चिमेकडे निघालात तर गारोनच्या कालव्याकाठी मात्र लांबवर डांबरी वाट मिळते. एकाच गावातून दोन दिशा, आणि सायकल दोन वेगळ्या लागतात!

अमेरिकेतल्या चेसापीक अँड ओहायो कालव्याची वाट कंबरलंडपासून वॉशिंग्टनपर्यंत सुमारे २९७ किलोमीटर आहे. तिचा बराच भाग माती-खडीचा, आणि मोठ्या पावसानंतर दोन दिवस तिथे चिखलच असतो. हा कालवा १९२४ साली बंद पडला. त्याच्या जागी मोटारींचा रस्ता करण्याची योजना होती. १९५४ मध्ये न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी ही वाट चालून जाऊन दाखवली, लोकांचं लक्ष वेधलं, आणि १९७१ मध्ये हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. आज तिथे शांतपणे सायकल चालवता येते ती त्यामुळे.

दिशा वाऱ्याला विचारून ठरवा

नदीच्या उताराचा फायदा सायकलला जवळजवळ कळत नाही. कळतो तो वारा. उघड्या दरीत समोरून वारा आला की तो अख्खा दिवस समोरूनच येतो, आड व्हायला डोंगर नसतो. पश्चिम आणि मध्य युरोपात वारे बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतात, म्हणून लोक डॅन्यूबवर पश्चिमेकडून पूर्वेला जातात. न्यूयॉर्क राज्यातल्या ईरी कालव्यावरही बफेलोहून आल्बनीकडे जाणं सोयीचं, कारण वारा साधारणपणे पाठीशी असतो आणि एकूण उतारही त्याच दिशेला. निघायच्या महिन्यातला वाऱ्याचा नेहमीचा कल बघून मगच परतीचं तिकीट काढा.

रोज किती?

डांबरी वाटेवर सामानासह रोज ५० ते ६० किलोमीटर, माती-खडीवर ३५ ते ४५. रोज सायकल चालवणाऱ्याला हे आकडे कमी वाटतील. पण अशा वाटेवर ताशी १२ ते १५ वेग धरला तरी पूल, फाटकं, लॉक पाहत थांबणं, बोटवाल्याला हात करणं यांत वेळ जातो आणि जायलाच हवा. पहिला दिवस तर आणखी लहान ठेवा.

सीटच्या दुखण्यावर माझा उपाय साधा आहे. दर अर्ध्या तासाने, काही दुखत नसतानाही, मिनिटभर पेडलवर उभं राहून चालवायचं आणि हँडलवरची पकड बदलायची. दुखू लागल्यावर हे सुचलं तर उशीर झालेला असतो. पॅडची शॉर्ट घ्या. नवीकोरी सीट मात्र सहलीत पहिल्यांदा वापरू नका.

सायकल आणि सामान

रेसिंग सायकल घरी ठेवा. ३५ ते ४२ मिलिमीटर रुंदीचे टायर या वाटांना बहुतेक पुरतात. कच्च्या भागात हवा थोडी कमी ठेवली की हातांना झटके कमी बसतात. मडगार्ड हवंच, नाहीतर पावसानंतर पाठीवर चिखलाची रेघ ठरलेली. सामान पाठीवरच्या पिशवीत न घेता कॅरियरला दोन्ही बाजूंनी लटकवा, वजन सारखं वाटून. फार रुंद पिशव्या मात्र नकोत, कारण मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून लावलेल्या फाटकांत त्या अडकतात.

दोन जादा ट्यूब, पंक्चरचं साहित्य, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, चेनचं ऑईल. काठावरच्या काटेरी कुंपणांची छाटणी झाली की वाटभर काटे पडतात, आणि ओळीने दोन पंक्चर हा अनुभव अनेकांना येतो. समोरचा दिवा दिवसाच्या प्रवासातही बरोबर असू द्या. चेसापीक अँड ओहायो कालव्यावर पॉ पॉ नावाचा सुमारे ९५० मीटरांचा बोगदा आहे, आत अंधार, वाट अरुंद, एका बाजूला कठडा. तिथे उतरून सायकल हाताने ढकलत न्यायची असते.

पिण्याच्या पाण्याची गंमत अशी की दिवसभर पाण्याशेजारी असूनही तहान भागवायला ते उपयोगाचं नसतं. बोटींचं तेल आणि शेतांतून वाहून आलेली खतं त्यात असू शकतात. दोन मोठ्या बाटल्या ठेवा आणि दिसेल तिथे भरून घ्या.

वाटेवर

चालणाऱ्यांचा हक्क पहिला. घंटी दुरूनच, एकदा वाजवा. अगदी पाठीशी येऊन वाजवली तर माणूस दचकून पाण्याच्या बाजूलाच सरकतो. मासेमारीची लांब काठी वाटेवर आडवी असेल तर थांबा, ती उचलायला वेळ लागतो. पुलाखालच्या आंधळ्या वळणावर घंटी वाजवा आणि चालण्याच्या वेगाने जा.

बंद वाटा आणि पूर

कालव्यांची मोठी दुरुस्ती हिवाळ्यात काढतात. ब्रिटनमध्ये साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात काही टप्पे त्यासाठी बंद असतात, कधी काठची वाटही. नदीवर धोका पुराचा. २०१३ च्या जूनमध्ये डॅन्यूबला आलेल्या महापुरात पासाऊ शहर पाण्यात गेलं होतं. पाऊस वरच्या भागात पडतो, तुमच्याकडे ऊन असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाट पाण्याखाली. जिथे नदीची पातळी रोज जाहीर होते तिथे ती रोज रात्री बघा. वाटेवर पाणी दिसलं तर ते किती खोल आहे याचा अंदाज बांधत बसू नका. खालचा रस्ता वाहून गेलेला असू शकतो, आणि गढूळ पाण्यात ते दिसत नाही. मागे वळा, वरचा गावरस्ता धरा, आणि त्या दिवशी गाड्यांबरोबर जावं लागलं तरी जा.