ग्रामपंचायतीचा ऑडिट रिपोर्ट कसा मागायचा आणि कसा वाचायचा

ग्रामसभेत गटार आणि लाईटवरून तास तास वाद होतात पण ऑडिट रिपोर्ट वाचून दाखवा असं क्वचितच कोणी म्हणतं. खरं तर तो मागायचा हक्क कायद्यातच आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम ८ बघा, आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेत वार्षिक हिशोब, शेवटची लेखापरीक्षा टिप्पणी (म्हणजेच ऑडिट रिपोर्ट) आणि त्यावर पंचायतीने दिलेली उत्तरं ठेवावीच लागतात. सभेच्या आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आधीचे ग्रामसेवक) तसं लेखी पत्र द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

तरी नाही मिळालं तर माहिती अधिकार. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहायचं. "असं का केलं" विचारू नका, कागद मागा: अमुक वर्षाचा स्थानिक निधी लेखापरीक्षा अहवाल, अनुपालन अहवालासह (म्हणजे आक्षेपांवर पंचायतीने दिलेली उत्तरं). ३० दिवसांत उत्तर नाही आलं की पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, ते पंचायत समितीत.

रिपोर्ट हातात आला की सुरुवातीची पानं सोडा, सरळ आक्षेपांवर या. "प्रमाणके उपलब्ध नाहीत" म्हणजे खर्च दाखवलाय पण पावती नाही. "मोजमाप पुस्तिका सादर केली नाही" हे दिसलं तर थांबा, कारण काम किती झालं ते मोजल्याचा कागदच ऑडिटरला मिळालेला नाही आणि बिल मात्र निघालंय. "वसूलपात्र रक्कम", म्हणजे परत वसूल करायचे पैसे, असं लिहिलं असेल तर आकडा आणि परिच्छेद क्रमांक दोन्ही वहीत उतरवा. मग अनुपालन बघा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं पान तेच. तिथे "यापुढे दक्षता घेण्यात येईल" एवढंच लिहिलं असेल तर आक्षेपाला उत्तर दिलेलंच नाही असं समजा. मागच्या वर्षांचे प्रलंबित आक्षेपही बघा, तोच आक्षेप दरवर्षी येत असेल तर आधी तोच धरा.

पण प्रत्येक आक्षेप म्हणजे घोटाळा नसतो हो. बिलातून १ टक्का कामगार उपकर कापायचा राहिला तरी आक्षेप निघतो, त्यावरून लगेच गावच्या ग्रुपवर कुणाला चोर म्हणू नका. आधी ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशोबाच्या सरकारी साइटवर त्या कामाचे व्हाउचर बघा, मोजमाप पुस्तिकेची नक्कल घ्या आणि टेप घेऊन जागेवर जा, रस्ता कागदावर जितका लांब लिहिलाय तितका आहे का ते मोजा. माहिती अधिकारात कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे, तो फारसा कोणी वापरत नाही.

फरक सापडला तर परिच्छेद क्रमांक टाकून गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाठवा. आणि वसुली झाली असं कळवलं तर पैसे भरल्याच्या चलनाची नक्कल मागा.