घरच्यांना पॅलिएटिव्ह केअर कशी समजवायची

डॉक्टरांनी "पॅलिएटिव्हला दाखवून घ्या" (म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांना) म्हटलं की आपल्याकडे जळगाव-धुळ्याला एकच अर्थ काढतात, आता काही राहिलं नाही, घरी न्या. माझ्या काकांना तोंडाचा कॅन्सर होता तेव्हा आमच्याकडेही हेच झालं, चुलतभावाने रागाने ती चिठ्ठी खिशात कोंबली आणि पुढचे तीन आठवडे काका रात्र रात्र ओट्यावर बसून काढायचे. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी, तो शब्द लगेच काढूच नका. अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या घरांमध्येही हीच अडचण येते, हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतली अशीच सेवा) म्हटलं की त्यांना होस्पिसियो आठवतं आणि त्यांच्या भाषेत ते म्हणजे अनाथाश्रम किंवा गोरगरिबांना ठेवायची जागा, मग आपल्या आईला तिथे कोण टाकेल? आपण सरळ सांगायचं, "हे दुखणं, धाप, मळमळ कमी करणारे डॉक्टर आहेत, केमो चालू असेल तर चालूच राहील." आणि हे फक्त कॅन्सरचं नाही, किडनी, हार्ट, जुना दमा, लकवा यातही उपयोग होतो. कोणी म्हटलं की याने माणूस लवकर जातो, तर सांगा, 2010 साली अमेरिकेत फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटचा अभ्यास छापून आला, त्यात सुरुवातीपासून ही सेवा मिळालेले लोक साधारण पावणेतीन महिने जास्तच जगले.

मग पेशंटजवळ बसा. दहापैकी किती दुखतं हे आपल्या म्हाताऱ्यांना सांगता येत नाही, काकांना मी विचारलं, "रुपयातलं किती आणे दुखतंय?" लगेच म्हणाले, "चौदा आणे." आमची काकू अहिराणीतच विचारायची, "काय व्हई ऱ्हायनं?", मग ते "आग व्हस" की "टोचस" ते नीट सांगायचे. तेच शब्द कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा, आग होणं आणि ठणकणं याची औषधं वेगळी असतात.

मॉर्फिनचं (जोरदार दुखण्यावरचं औषध) नाव निघालं की घरात कोणीतरी "नशा लागेल" म्हणणारच. दुखण्यासाठी, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच घेतलं तर सहसा तसं होत नाही. बद्धकोष्ठता मात्र बहुतेकांना होतेच, म्हणून पोट साफ व्हायचं औषध सोबतच मागून घ्या. गोळी मनाने वाढवू नका, एकदम बंदही करू नका, कुलपात ठेवा. ही सगळ्या मेडिकलवर मिळत नाही, कुठे मिळेल ते तिथेच विचारा.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. काकांच्या जखमेचा वास यायचा म्हणून लोक दारातूनच बोलून जायचे. नर्सताईंनी डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलच्या (जंतू मारणाऱ्या औषधाच्या) गोळीची पूड जखमेवर टाकायला शिकवलं, काही दिवसांत वास उतरला आणि नातू परत त्यांच्या खाटेवर झोपायला लागला. (तुम्हीही आधी विचारूनच करा.)

"त्यांना सांगू नका" हा हट्ट सोडा, पेशंटला बहुतेक वेळा कळलेलंच असतं, फक्त किती ऐकायचंय ते त्यांनाच विचारा.

चौकशी सिव्हिलमध्ये करा, आशाताईंनाही विचारा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घ्या आणि घरात ज्यांचा शब्द चालतो, मग ते मोठे काका असोत की आत्या, त्यांना सोबत न्याच, नाहीतर घरी येऊन पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.